अडवलं कोणी?

शिबिराची बस ऐन वेळी बिघडते, बायबल-अभ्यासाच्या पहिल्याच संध्याकाळी घरातलं पोर तापानं फणफणतं, उपासनेच्या मध्यावर माइक बंद पडतो, आणि आपल्या मंडळीत कोणीतरी लगेच म्हणतं, "सैतान अडथळा आणतोय." त्यावर चार माना डोलतात. दुसऱ्या टोकाला शिकलेसवरलेले विश्वासणारे आहेत. त्यांना 'सैतान' हा शब्द उच्चारायचीही लाज वाटते. त्यांच्या लेखी सगळं म्हणजे नियोजनातली चूक किंवा योगायोग. मला दोघांचाही एकच दोष दिसतो. अडवणूक होते तेव्हा ती कोणी केली, हे तपासायचं कष्टाचं काम दोघंही टाळतात. पवित्र शास्त्र ते काम टाळत नाही. त्यात अडवणाऱ्यांची यादी आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच लांब आहे, आणि पहिलं नाव ऐकून तर पुष्कळांना धक्का बसतो.

हिब्रूत 'सातान' हा मुळात साधा शब्द आहे: विरोधात उभा राहणारा, वाट अडवणारा. आपण बायबल पहिल्या पानापासून वाचत गेलो तर हे नाम प्रथम भेटतं ते गणना २२:२२ मध्ये. बलाम नावाचा भविष्यवादी गाढवीवर बसून निघालाय आणि वाटेत त्याचा 'सातान' होऊन उभा आहे तो परमेश्वराचा दूत. म्हणजे शास्त्रातला पहिला 'सातान' देवाच्या बाजूचा आहे आणि त्याची अडवणूक बलामाची वाकडी वाट रोखण्यासाठी आहे. बलाम मात्र गाढवीला तीनदा बडवतो. पुढे ईयोबाच्या पुस्तकात आणि जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात हाच शब्द देवाच्या दरबारात आरोप करणाऱ्यासाठी येतो, आणि नव्या करारात पोहोचेपर्यंत तो एका दुष्ट व्यक्तीचं नाव झालेला असतो. ग्रीकमधला 'दियाबोलोस' म्हणजे चहाडखोर, खोटे आरोप करणारा. वाट अडवणं आणि आरोप करणं ही दोन कामं त्याच्या नावातच आहेत. पुढे त्यांचा उपयोग होईल.

(जाता जाता: गोव्यातले कोकणी ख्रिस्ती सैतानाला 'देवचार' म्हणतात आणि त्याच गोव्यात हिंदूंच्या लोकसमजुतीतला देवचार गावाची राखण करतो. एकाच शब्दाचे शेजारीशेजारी दोन अर्थ. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. तेव्हापासून ख्रिस्ती शिकवण आपल्या भाषेत उतरताना असे शब्द घासूनपुसून घ्यावे लागलेत.)

आता प्रेषित पौलाकडे. पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राच्या २:१८ मध्ये तो लिहितो की तुमच्याकडे यायची माझी इच्छा होती, एकदा नव्हे दोनदा, पण सैतानाने आम्हांला अडवलं. इथलं क्रियापद 'एन्कोप्टो'. त्यातल्या 'कोप्टो'चा अर्थ कापणे, तोडणे. चालत्या वाटेत आडवा चर खणून ठेवावा, तसं. हेच क्रियापद नव्या करारात एकूण पाच ठिकाणी आहे. ती पाचही ठिकाणं एकापुढे एक ठेवून वाचली की आपली घाई उघडी पडते.

प्रेषितांची कृत्ये २४:४ मध्ये तर्तुल्ल नावाचा वकील राज्यपालाला म्हणतो, आपला जास्त वेळ खोळंबवत नाही. इथे सैतान नाही, निव्वळ वकिली शिष्टाचार आहे. रोमकरांस १५:२२ मध्ये पौल सांगतो की तुमच्याकडे यायला मी पुष्कळदा अडलो. कारण त्याच्या आधीच्या दोन वचनांत आहे: जिथे ख्रिस्ताचं नाव पोहोचलं नाही, तिथे आधी जायचं हे त्याचं धोरण. म्हणजे एका चांगल्या कामानं दुसरं चांगलं काम अडवलं. गलतीकरांस ५:७ मध्ये तो विचारतो, तुम्ही छान धावत होता, तुम्हांला अडवलं कोणी? तिथे उत्तर आहे चुकीचं शिक्षण देणारी माणसं. आणि १ पेत्र ३:७ मध्ये नवऱ्यांना बजावलंय की बायकोला मान देऊन समजूतदारपणे वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थना अडतील. हे वचन लग्नाच्या उपासनेत वाचलं जातं आणि तिथेच विसरलं जातं. 'माझ्या प्रार्थनेला उत्तर येत नाही, कुणाचं तरी बंधन आहे' असं म्हणणाऱ्या भावाला पाळकांनी सगळ्यात आधी घरातल्या बोलण्याचा सूर विचारायला हवा. मी तर म्हणेन, बायकोलाही वेगळं विचारावं.

पाचांपैकी एकाच ठिकाणी सैतानाचं नाव आहे. ती जागा नीट उलगडून बघण्यासारखी आहे.

पौल थेस्सलनीकेला पोहोचला तोच मुळी अडवणुकीमुळे. कृत्ये १६:६-७ मध्ये पवित्र आत्म्यानं त्याला आसिया प्रांतात वचन सांगू दिलं नाही, मग बिथुनियाकडेही जाऊ दिलं नाही. दोन दारं बंद झाल्यावर तो त्रोवसला आला. तिथे रात्री त्याला मासेदोनियातला माणूस दिसला, आणि मग फिलिप्पै आणि पुढे थेस्सलनीका. तिथल्या सभास्थानात तो तीन शब्बाथ बोलला. मग दंगा झाला. जमावानं यासोनाच्या घरावर हल्ला केला, यासोनाला आणि काही बंधूंना नगराधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं, आणि अधिकाऱ्यांनी यासोनाकडून जामीन घेऊन त्यांना सोडलं (कृत्ये १७:९). लूक या अधिकाऱ्यांना 'पोलिटार्क' म्हणतो. हा शब्द ग्रीक साहित्यात इतरत्र जवळपास आढळत नाही म्हणून पूर्वी त्याला नावं ठेवली जात. पुढे थेस्सलनीकेच्या वेशीवरच्या शिलालेखात नेमका तोच शब्द मिळाला. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्या रात्रीच बंधूंनी पौल आणि सीला यांना बिरुयाला रवाना केलं. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की 'सैतानाने अडवलं' यामागे तो जामीनच असावा: पौल परत आला तर यासोनाची रक्कम जप्त, शिवाय त्याच्या जिवाला धोका. हे सिद्ध झालेलं नाही, पण प्रसंगाशी चपखल बसतं. आणि बसत असेल तर सैतानाच्या अडवणुकीचा इथला आकार काय होता? सरकारी कागद. गडगडाट नाही, सावल्या नाहीत, अंगात येणं नाही. नव्या मंडळीला तिच्या शिक्षकापासून तोडणारा एक कायदेशीर करार.

मग त्याच प्रवासातली बिथुनियाची अडवणूक आत्म्याची आणि ही सैतानाची, हे पौलाला कसं कळलं? मजकुरात सूत्र दिलेलं नाही. मला वाटतं, अडवणुकीनं काय कापलं जातंय हे त्यानं पाहिलं. बिथुनियाचं दार बंद झालं तेव्हा काम थांबलं नाही, दिशा बदलली. थेस्सलनीकेत छळ सोसणारी कोवळी माणसं एकटी पडत होती, आणि थेस्सलनीकाकरांच्या त्याच पत्रात ३:५ मध्ये तो आपली भीती उघड सांगतो: भुलवणाऱ्यानं तुम्हांला भुलवलं असेल आणि आमचे श्रम वाया गेले असतील. त्याला चिंता आपला बेत फसल्याची नाही, त्यांचा विश्वास ढळण्याची आहे. आपण 'सैतानाचा अडथळा' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फसलेला असतो तो आपला बेत.

पौलानं पुढे काय केलं, याचा क्रम त्याच पत्रात आहे. दोनदा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा स्वतः अथेनैमध्ये एकटं राहणं पत्करून सहकारी तीमथ्याला पाठवलं (३:१-२). तीमथ्याला त्या गावात जायला अडवणूक नव्हती. रात्रंदिवस प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेचा विषय होता तुमचं तोंड पाहायला मिळावं आणि तुमच्या विश्वासातली उणीव भरून काढता यावी (३:१०). वाट देवानंच सरळ करावी असं मागितलं (३:११). बातमी आल्यावर पत्र लिहिलं. शेवटी 'आमच्यासाठी प्रार्थना करा' असं त्या नवख्यांनाच सांगितलं (५:२५). सबंध पत्रात सैतानाला उद्देशून एक शब्द नाही. त्याला धमकावणं नाही, बांधणं नाही, हाकलणं नाही. अडवणूक ओळखली, नाव दिलं आणि वळसा घेतला.

हे अशासाठी सांगतो की आपल्याकडच्या काही प्रार्थनासभांत अर्धा वेळ सैतानाशीच बोलण्यात जातो. यहूदाच्या पत्रात (वचन ९) आद्यदूत मीखाएलसुद्धा सैतानाशी वाद घालताना निंदा न करता 'प्रभू तुला धमकावो' एवढंच म्हणतो. दानीएलाच्या दहाव्या अध्यायाचंही तसंच. दानीएल तीन आठवडे शोक करतो, चमचमीत अन्न, मांस, द्राक्षारस घेत नाही, अंगाला तेल लावत नाही. एकविसाव्या दिवसानंतर दूत येऊन सांगतो की तुझं बोलणं पहिल्याच दिवशी ऐकलं गेलं, मला पारसच्या अधिपतीनं अडवलं होतं. आज याच अध्यायावरून शहरावरच्या दुरात्म्यांची नावं शोधून त्यांना बांधण्याची शिबिरं होतात. पण दानीएलाला तो अधिपती आहे हे कळतं सगळं झाल्यावर. त्या एकवीस दिवसांत त्यानं अधिपतीचं नाव घेतलं नाही, नकाशा काढला नाही. तो देवाशी बोलत राहिला.

मग सैतान खरोखर कुठे वाट अडवतो? पौलाच्या पत्रांत आणि कृत्यांत त्याचा उल्लेख कुठे येतो ते बघा, जागा अगदी घरगुती आहेत. राग मावळण्याआधी सूर्य मावळू देऊ नका, सैतानाला 'जागा' देऊ नका (इफिसकरांस ४:२६-२७). नवराबायकोनं परस्परांच्या संमतीशिवाय फार काळ दूर राहू नये, प्रार्थनेच्या निमित्तानंही नाही (१ करिंथ ७:५). मंडळीनं शिक्षा केलेल्या माणसाला आता पुरे म्हणून क्षमा करा, नाहीतर सैतान आपल्यावर मात करील (२ करिंथ २:५-११). नवख्याला अध्यक्ष करू नका, तो फुगेल (१ तीमथ्य ३:६). कृत्ये ५ मध्ये हनन्याच्या प्रकरणात जमिनीच्या विक्रीचा पैसा आणि त्याविषयीची लपवाछपवी. राग, बिछाना, अतिकठोर शिस्त, पद, पैसा. करिंथचं उदाहरण तर आपल्या मंडळ्यांनी भिंतीवर लावावं. तिथे सैतानाला वाट मिळण्याचा धोका पापी माणसाकडून नव्हे, शिक्षा थांबवायला तयार नसलेल्या धार्मिक माणसांकडून होता.

शस्त्रसामग्रीचा इफिसकरांसमधला सहावा अध्यायही या उजेडात वाचा. तिथला जोर 'उभे राहा', 'टिकून राहा' यावर आहे. १० ते १४ वचनांत ते पुन्हापुन्हा येतं. सगळ्या आज्ञा अनेकवचनी. एकट्यानं चिलखत चढवून अंधारात घुसण्याचं चित्र तिथे नाही. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, शांतीच्या सुवार्तेची पायताणं, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि हल्ल्याचं म्हणावं असं एकच हत्यार: आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. ढालीसाठीचा ग्रीक शब्द रोमी पायदळाच्या मोठ्या, सगळं अंग झाकणाऱ्या ढालीचा आहे. शेजाऱ्याच्या ढालीला आपली ढाल भिडवली तरच तिचा पुरेपूर उपयोग. बरं, हे पत्र ज्या शहराच्या नावानं आहे तिथे विश्वास ठेवलेल्यांनीच आपल्या जादूच्या पोथ्या आणून जाळल्या, किंमत पन्नास हजार रुप्याची नाणी (कृत्ये १९:१८-१९). विश्वास धरल्यानंतरही त्या घरातच होत्या. सत्याचा कमरबंद आधी बांधायला का सांगितलं, हे तिथल्या माणसांना वेगळं समजावायची गरज नव्हती.

आरोपाविषयी जरा थांबतो. वाट अडवण्यापेक्षा हे काम मोठं आहे आणि त्याची ओळख कमी आहे. प्रकटीकरण १२:१० मध्ये सैतान म्हणजे बंधूंवर रात्रंदिवस दोषारोप करणारा. जखऱ्या ३ मध्ये मुख्य याजक यहोशवा मळकट वस्त्रांत उभा आहे आणि सैतान त्याच्या उजव्या हाताला. लक्षात घ्या, वस्त्रं खरोखरच मळलेली आहेत. आरोप खोटा नाही. परमेश्वर यहोशवाचा बचाव 'तो स्वच्छ आहे' असं म्हणून करत नाही. सैतानाला गप्प करतो आणि याजकाचे कपडे बदलायला लावतो. म्हणून मनात दोषाची टोचणी आली की ती आत्म्याची की आरोप करणाऱ्याची, हे तिच्या नेमकेपणावरून तपासता येतं. 'काल रात्री आईशी तू खोटं बोललास, जा आणि सांग' ही टोचणी नेमकी आहे आणि तिच्यात पुढचं पाऊल आहे. 'तू असलाच, तुझं काही होणार नाही' यात तारीख नाही, नाव नाही, पाऊल नाही. पहिली पाळावी. दुसरीशी वाद घालत बसू नये, कारण वादाला मुद्दाच नसतो.

या पारखीचं सगळ्यात काटेकोर काम केलं ते इग्नेशियस लोयोलानं. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडून अंथरुणाला खिळलेला हा सरदार. कोणत्या विचारानं मन नंतर कोरडं पडतं आणि कोणत्यानं प्रसन्न राहतं, हे तो नोंदवू लागला. त्यातून आध्यात्मिक साधनेचं त्याचं पुस्तक झालं. १५४८ मध्ये पोपची त्याला संमती मिळाली. त्यातले पारखीचे पहिले चौदा नियम प्रॉटेस्टंट घरांत फारसे ठाऊक नसतात, ही खेदाची गोष्ट आहे. पाचवा नियम: मन उजाड असताना आधी घेतलेला कोणताही निर्णय बदलू नका. सहावा: निर्णय तोच ठेवा, स्वतःला मात्र बदला, प्रार्थना थोडी वाढवा, आत्मपरीक्षण वाढवा. इग्नेशियस तर सांगतो की तासभर प्रार्थना ठरवली असेल आणि नको वाटत असेल तर तासापेक्षा थोडं जास्तच बसा. नववा: उजाडपणाची कारणं तीन. आपला आळस, देवाकडून परीक्षा, किंवा सांत्वन ही आपली कमाई नाही हा धडा. पहिलं कारण आळस आहे हे विसरू नये. तेरावा: शत्रू गुप्ततेवर जगतो. 'हे कोणाला सांगू नको' असा आवाज आला की ते शहाण्या, अनुभवी माणसाला सांगून टाका. चौदावा: सेनापती किल्ल्याभोवती फिरून सर्वांत कच्चा तट शोधतो, तसा तो आपला कच्चा गुण शोधतो. बाराव्या नियमात त्यानं शत्रूला भांडखोर बाईची उपमा दिलीय. ती आज खटकते आणि खटकावीच, पण त्याचा मुद्दा एवढाच की ठाम राहिलं तर तो मागे हटतो. याकोब ४:७ हेच सांगतो, आणि त्यात पहिली अट आहे 'देवाच्या अधीन व्हा'. 'सैतानाला अडवा' ही आज्ञा त्यानंतर येते. पहिली वगळून दुसरी घेतली तर नुसती आरडाओरड उरते.

इग्नेशियसच्या दैनिक परीक्षणाचे पाच टप्पे असे: आभार, पाप दिसावं म्हणून कृपेची मागणी, उठल्यापासूनचा तासातासाचा हिशेब, क्षमा, उद्यासाठी निर्धार. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एका विशिष्ट दोषावर काम करायचं असेल तर त्याची युक्ती वहीतली आहे. आठवड्याच्या रेघा आखायच्या, दुपारी आणि रात्री जेवणानंतर त्या दोषाचे ठिपके मांडायचे, आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडून बघायचे. हिशेबनीसाचं काम आहे, भावनेचं नाही. चुकतं कुठे? तिसऱ्या टप्प्यावर लोक दीड तास रेंगाळतात, स्वतःला झोडपतात आणि चौथ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मग ते परीक्षण आरोप करणाऱ्याच्याच कामी येतं. वेळ संपली की पुढच्या टप्प्यावर जायचंच.

अडथळा आला की त्याच वहीत चार ओळी लिहाव्यात. नेमकं काय अडलं. गेल्या तीन दिवसांत झोप किती झाली. कोणाशी बोलणं तुटलंय. आणि हे अडल्यामुळे कापलं काय जातंय: माझा बेत, माझा मान, की कुणाचा विश्वास. बसचा ब्रेक निकामी झाला असेल तर मेकॅनिकला विचारा, बस शेवटची कधी तपासली होती. तेलपाण्याकडे वर्षभर पाहिलं नसेल तर ते सैतानाच्या खात्यावर टाकणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. आणि खोट्याचा बाप कोण, ते योहान ८:४४ मध्ये लिहिलंय.

उपास-प्रार्थनेत तर हे फार होतं. रोज चार-पाच कप चहा घेणाऱ्यानं अचानक चहा सोडला की साधारण १२ ते २४ तासांत डोकं ठणकू लागतं. तो कॅफिन तुटल्याचा परिणाम आहे. 'प्रार्थनेला बसलो आणि सैतानानं डोकं धरलं' अशी साक्ष त्यावरून दिली जाते. उपासाच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज एकेक कप कमी करत न्या, सैतान बराच शांत होतो. पाणी पीत राहा. उपास सोडताना भजी-बिर्याणी नको. पेज, ताक किंवा मऊ भातानं सोडा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायांनी, मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. साखर उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो, कधी अंगावर येतो. अशा वेळी भोवती उभं राहून 'नीघ, नीघ' म्हणत बसलात तर जीव जाऊ शकतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर आधी साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना.

साखळी प्रार्थनेचं गणित सोपं आहे. चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ पाळ्या. चोवीस माणसं मिळाली तर प्रत्येकी दोन. साखळी तुटते ती पहाटे दोन ते चारच्या दरम्यान, म्हणून त्या चार पाळ्यांना दोन-दोन जण ठेवा आणि पुढच्याला उठवायची जबाबदारी आधीच्याकडे द्या. प्रार्थनेचे विषय कागदावर, पाच-सहाच. वॉट्सअ‍ॅपच्या गटात विषय टाकण्याआधी ज्याच्याविषयी आहे त्याची परवानगी घ्या. 'अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं तिकडे काहीतरी सुरू आहे' हा प्रार्थनेचा विषय नसून चहाडी आहे, आणि 'दियाबोलोस'चा अर्थ वर आलाच आहे.

आता भूतबाधेचं. येशूनं दुरात्मे काढले हे शुभवर्तमानांत स्पष्ट आहे, आणि त्याच शुभवर्तमानांत (मत्तय ४:२४) रोगी, भूतग्रस्त, फेपरेकरी यांची नावं वेगवेगळी आहेत. चर्चनं या बाबतीत जितकी शिस्त लावली तितकी आपण पाळत नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यात (कलम ११७२) बिशपच्या खास, स्पष्ट परवानगीशिवाय कोणालाही अपदूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि त्या चर्चची धर्मशिकवण आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वैद्यकाचा विषय आहे असं बजावते. प्रॉटेस्टंट आणि स्वतंत्र मंडळ्यांत अशी परवानगीची साखळी बहुधा नसते, म्हणून पाळकावरची जबाबदारी वाढते. फेपऱ्याच्या गोळ्या विश्वासानं बंद करायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका. त्या एकदम थांबवल्या की झटक्यामागून झटके येऊ शकतात. प्रार्थना आणि गोळी एकाच वेळी घेता येते. मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि 'आम्ही येशूच्या नावानं केलं' हा बचाव त्यात नाही. मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे. तो नंबर मंडळीच्या फलकावर असावा. सुटकेच्या प्रार्थनेचे पैसे मागणाऱ्याच्या मात्र वाटेलाही जाऊ नका.

मंडळीच्या पातळीवरची अडवणूक शिकायची असेल तर यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचं पुस्तक वाचा. मजा म्हणजे त्या पुस्तकात सैतानाचं नावच नाही. सनबल्लट, तोबीया आणि गेशेम हे विरोधक आधी हसतात (या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती ढासळेल), मग हल्ल्याची धमकी, मग ओनोच्या मैदानात भेटायचं निमंत्रण चार वेळा, पाचव्यांदा उघडं पत्र, त्यात बंडाची अफवा. शेवटी पैसे चारलेला संदेष्टा शमाया, जो 'जीव वाचवायला मंदिरात लपू या' असं धार्मिक भाषेत सांगतो. हल्ल्याच्या धमकीवर नहेम्या पहारा बसवतो, बाकीच्यांना दोन-तीन वाक्यांत वाटेला लावतो. त्याला खरा वेळ द्यावा लागतो तो पाचव्या अध्यायात, जिथे ओरड बाहेरून नव्हे, आतून येते. दुष्काळात भाऊच भावाचं शेत गहाण घेत होते, महिना शेकडा व्याज लावत होते, मुली दास्यात जात होत्या. भिंत बांधायचं काम सुरू असताना त्यानं सभा बोलावून आधी ते मिटवलं. भिंत ५२ दिवसांत झाली. तोबीयाशी मात्र यहूदातल्या प्रतिष्ठितांचा पत्रव्यवहार चालूच होता, सोयरीक होती ना. पुढे नहेम्या राजाकडे गेला आणि परतला तेव्हा एल्याशीब याजकानं तोबीयाला मंदिराच्या आवारातच प्रशस्त खोली दिलेली होती. नहेम्यानं त्याचं सगळं सामान उचलून बाहेर फेकलं, खोल्या शुद्ध करून घेतल्या आणि तिथे अन्नार्पणं आणि ऊद परत ठेवला.

आणि थेस्सलनीकेचं काय झालं? पौल मासेदोनियात परत गेला, कृत्ये २० मध्ये त्याची नोंद आहे. तिथून पुढच्या प्रवासात त्याच्याबरोबर कोण होतं त्याची यादी चौथ्या वचनात आहे. त्यात थेस्सलनीकेचे दोघं आहेत, अरिस्तार्ख आणि सकुंद.